घरचं सॅम्पल

कॅरमच्या बोर्डावर राणी दोन दिसते, असं हिमानी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा वृंदा पोळ्या लाटत होती. तिने मानही वर केली नाही. दोन दिसतात तर दोन्ही घाल पॉकेटात, असं म्हणून मोकळी झाली. सोळा वर्षांच्या पोरी काय वाट्टेल ते बोलतात, आणि हिमानी तर बापावर गेलेली, तोंड गंभीर ठेवून थट्टा करणारी. पण त्या दिवशी ती थट्टा करत नव्हती. नुसता उजवा डोळा उघडा ठेवला की लाल सोंगटी दोन दिसते, नुसता डावा ठेवला की एकच, असं तिने नीट समजावून सांगितलं. वृंदाने पोळी उलटली आणि चष्मा पुसलास का, एवढंच विचारलं.

आता हीच वृंदा दुसऱ्याच्या बाबतीत अशी नव्हती, बरं का. बदलापूर पश्चिमेला स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजीत ती एकोणीस वर्षं टेक्निशियन होती. अख्खा हेंद्रेपाडा तिच्या हाताचं नाव काढायचा, कारण सुई टोचलेली कळत नसे. म्हातारीकोतारी माणसं, उपासनी मॅडम आहेत का, असं विचारूनच आत येत. कुणाचा रिपोर्ट वाकडा आला की ही बाई स्वतः फोन करायची, डॉक्टरांना आजच्या आज दाखवा म्हणून मागे लागायची. दुसऱ्याच्या घरातलं रक्त तिला कधी चकवू शकलं नाही.

हिमानी एकुलती एक. वडील हेमचंद्र आनंदनगरच्या एमआयडीसीत, रंगांची केमिकलं करणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन ऑफिसर. आईबाप दोघंही बेताच्या उंचीचे, आणि ही पोरगी दहावीतच पाच फूट आठ. हातपाय काटकुळे, बोटं ही अशी लांब. ती बोटं म्हणजे घरातलं कौतुक होतं. सातवीत असताना कॅरम शिकवणाऱ्या जयदेव सरांनी तिचा पंजा बोर्डावर पसरून बघितला आणि अशी बोटं घेऊन आलेल्या पोरीला मी काय शिकवणार, असं सगळ्यांसमोर म्हणाले. ते वाक्य हेमचंद्रने पुढे वर्षभर येईल-जाईल त्याला ऐकवलं. हिमानी दोनदा जिल्ह्याकडून खेळली. यंदा डिसेंबरात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि बोर्डाशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

चष्म्याचा नंबर मात्र दर सहा महिन्यांनी वाढत होता. मोबाइल बघतेस, दुसरं काय, असं म्हणून दर वेळी नवी काच घालून द्यायची, की झालं. दोन राण्यांचं सांगितल्यावरही वृंदाने पंधरा दिवस काढले. मग चष्मेवाल्याने काच द्यायलाच नकार दिला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ उजेड टाकून बघितलं. उजव्या डोळ्यातलं भिंग जागेवरून खाली सरकलंय, असं ते म्हणाले. डावं अजून जागेवर होतं, पण डोळा हलला की किंचित थरथरत होतं. मग त्यांनी हिमानीला उभं केलं, हात पसरायला लावले, बोटं बघितली. त्या बोटांकडे बघून पहिल्यांदाच कुणाला कौतुक वाटलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक तपासणी लिहून दिली. होमोसिस्टीन.

वृंदाने चिठ्ठी दोनदा वाचली. हा शब्द तिला नवा असता तर किती बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या लॅबने अंबरनाथला आरोग्य शिबिर घेतलं होतं. स्टाफच्या घरच्यांची सगळी तपासणी फुकट. आता स्टाफच्या घरच्यांचं म्हणजे कसं, की ते सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकांच्या ट्यूबा आधी, बर्फ आधी त्यांना, आणि घरचं सॅम्पल उरल्यासुरल्या स्टँडमध्ये. लॅबमध्ये हा रिवाजच होता आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नसे; घरच्यांसाठी धावपळ केली तर जरा चोंबडेपणाच वाटायचा. होमोसिस्टीनचं रक्त खरं तर काढल्याबरोबर बर्फात ठेवावं लागतं आणि तासाभरात मशिनवर फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर पेशी ते सोडत बसतात आणि आकडा फुगतो. टेक्निशियनांच्या भाषेत, सॅम्पल उभं राहिलं. त्या दिवशी घरची सॅम्पलं सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत उभी राहिली.

रिपोर्ट आले तेव्हा सगळ्यांचेच आकडे वर. लॅबमधली जोडीदारीण अंजना, तिचा चोवीस, वृंदाचा तेवीस, हेमचंद्रचा सत्तावीस. पंधरापर्यंत पुस्तकातला नॉर्मल आणि तीसपर्यंत बदलापूरचा, असं अंजना नेहमी म्हणायची, कारण डबा घेऊन ऑफिस गाठणारी शाकाहारी माणसं, बी-ट्वेल्व कुणाचंच धड नसायचं. त्या यादीत हिमानीचा आकडा होता ब्याण्णव. अंजना म्हणाली, तुझी पोरगी उंचीत पुढे, यातही पुढे. दोघी हसल्या. शिबिरातलं घरचं सगळंच सॅम्पल खराब, असं ठरलं आणि वृंदाने तो कागद घरी कुणाला न दाखवता दुमडून ड्रॉवरमध्ये टाकला. पुन्हा रक्त घेऊन बघू, असं मनात आलं होतं. दुसऱ्या दिवशी गर्दी होती, तिसऱ्या दिवशी हिमानीची परीक्षा सुरू झाली, आणि मग ते राहूनच गेलं.

आता ती हिशेब करत बसली. तासाला दहा टक्के वाढ धरली, सहा तास धरले, तरी बाराचे वीस-बावीस होतात. ब्याण्णव कसे होतील? हे गणित तिला तेव्हाही येत होतं. एखाद्या गिऱ्हाइकाचा आकडा असा आला असता तर तिने त्याला घरातून उचलून आणलं असतं. स्वतःच्या पोरीच्या वेळी तिला गणित नको होतं, तिला उभं राहिलेलं सॅम्पल हवं होतं.

पण माणसाची आशा बघा कशी असते. तिला अजूनही वाटत होतं की या खेपेला सगळं नीट केलं तर आकडा नीट येईल. रविवारी सकाळी लॅब रिकामी असताना ती हिमानीला घेऊन गेली. घरातून बर्फाचा डबा भरून नेला, ट्यूब आधीच गार करून ठेवली. इतक्या वर्षांत जी सुई कुणाला कळली नव्हती ती स्वतःच्या पोरीला कळली, आणि हिमानीने, आई, टोचलं गं, असं हसत म्हटलं. पुढच्या सहा मिनिटांत ट्यूब मशिनमध्ये फिरत होती. वर पिवळसर पाणी वेगळं झालं, ते तिने काढलं, बर्फात घातलं आणि ठाण्याच्या मोठ्या लॅबला स्वतः नेऊन दिलं. घडीभरही कुठे उभं राहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला. दोनशे चौदा. आता बर्फाला बोल लावायची सोय राहिली नव्हती.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर राजसी कारखानीस यांच्याकडे पाठवणी झाली. जन्मजात आजार बघणाऱ्या बाई. वयाने लहान, पण बोलणं सावकाश आणि स्पष्ट. त्यांनी तिघांनाही समोर बसवलं आणि कागदावर रेघा काढत सांगितलं. आपण दूध, डाळ, पनीर खातो, त्यातल्या प्रथिनांमधून शरीरात होमोसिस्टीन तयार होतं. इतरांच्या शरीरात त्याची लगेच विल्हेवाट लागते. हिमानीत ते काम करणारं एक एन्झाइम जन्मापासूनच अर्धवट आहे, म्हणून ते साठत जातं. साठलं की ते शरीरातल्या दुसऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते आणि त्या घडीवरच त्याचं काम चालतं. हे चिकटलं की घडी विस्कटते. मग काही प्रथिनं काम सोडतात, काही एकमेकांना बिलगून गोळे करतात, रक्तातल्या गुठळ्या विरघळेनाशा होतात. डोळ्यातलं भिंग ज्या बारीक धाग्यांनी ताणून धरलेलं असतं ते धागेही प्रथिनांचेच. ते कमजोर झाले, म्हणून भिंग सुटलं. उंची आणि बोटं त्याच आजाराची.

बोटं हा शब्द आल्यावर हिमानीने हात ओढणीखाली घेतले. वृंदाला ते दिसलं आणि उठून तिथून पळून जावंसं वाटलं.

हेमचंद्रचा जन्म रिॲक्टरपाशी गेलेला. त्याने त्याला कळणारा प्रश्न विचारला, की ही रिॲक्शन उलटी फिरवता येते का. होमोसिस्टीन खाली आणलं तर चिकटलेलं सुटेल ना? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रक्तातली प्रथिनं सारखी नवी होत असतात, तिथे नक्की फायदा होईल आणि गुठळीचा धोका कमी होईल. तो धोका लहान नाही, जिवावरचा आहे, म्हणून आकडा उतरल्याशिवाय उजव्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा करायचं नाही. पण भिंगाचे धागे लहानपणीच बनतात. ते पुन्हा बनत नाहीत. जे विस्कटलं ते विस्कटलं.

"डावा डोळा?" हिमानीने विचारलं. तेवढंच ती त्या तासाभरात बोलली.

डाव्याचे धागे अजून धरून आहेत, आपण आणखी बिघडू द्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. टिकतील असं त्यांनी म्हटलं नाही, आणि वृंदाच्या कानाला ते न म्हटलेलंच ऐकू आलं.

मग त्यांनी फाइल उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, याआधी ही तपासणी कधी झाली होती का.

"नाही हो," हेमचंद्र म्हणाला. "झाली असती तर हिनेच पकडलं असतं. एकोणीस वर्षं हेच करतेय ती."

त्याच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टरांनी फाइलमध्ये नाही असं लिहिलं, आणि ते सुवाच्य अक्षर वृंदा उलट्या बाजूनेही वाचू शकत होती.

घरी आल्यावर तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सगळ्यांत वाईट होती. त्या ब्याण्णवनंतर तिने अगदीच काही केलं नव्हतं असं नाही. आकडा फुगलेला असला तरी बी-ट्वेल्व थोडं कमी असणारच, असं धरून तिने पोरीचं खाणं सुधारलं होतं. सकाळी एक होता तो दुधाचा पेला संध्याकाळीही सुरू केला, वर बदामाची पूड. आठवड्यातून तीनदा पनीर. डब्यात मोड आलेली मटकी. हिमानी नको नको म्हणायची आणि ही तिच्यामागे पेला घेऊन फिरायची, संपवल्याशिवाय बोर्डाला हात लावू द्यायची नाही. दोन वर्षं तिने स्वतःच्या हाताने, मायेने, नेमाने तिला नेमकं तेच पाजलं होतं.

आता सगळं उलटं झालं. दूध बंद, पनीर बंद, डाळ चमच्याने मोजून. भात, साबुदाणा, भाज्या, फळं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधी पावडर, तिला असा वास की हिमानी नाक दाबून प्यायची. बी-सिक्सच्या गोळ्या, फॉलिक ॲसिड, आणखी एक औषध जे मुंबईहून मागवावं लागायचं. वृंदाने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. सणाला कुणी पेढे आणले की ती ते दारातूनच शेजारी द्यायची. हेमचंद्र आपला चहाही कोराच पिऊ लागला, पोरीसमोर दूध नको म्हणून. पोरगी शहाण्यासारखी वागत होती, तक्रार करत नव्हती, आणि त्या शहाणपणाने वृंदाचा जीव आणखी कासावीस व्हायचा. हिने आदळआपट केली असती तर बरं, असं तिला वाटे.

हिमानीने खेळ सोडला नाही. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून ती डाव्या डोळ्यावर खेळायला लागली. जयदेव सर रोज येऊन बसायचे. पहिले आठ दिवस तिचे साधे फटके चुकले, मग हळूहळू हात बसला. एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून ती आधी बोटांनी बोर्ड चाचपून घ्यायची, पावडर भुरभुरायची, मान एका बाजूला करून डावा डोळा स्ट्रायकरच्या रेषेत आणायची. नोव्हेंबरात तिने सरांना सलग दोन बोर्ड हरवलं. निवड चाचणीला जायचं असं तिचं ठरलं. त्या घरात आता सगळं काही त्या एका डाव्या डोळ्यावर उभं होतं आणि प्रत्येकजण ते न बोलता जपत होता. जिन्यात दिवा लावून ठेव, धक्का लागू देऊ नकोस, मान झटकू नकोस. वृंदा तर तिच्याकडे बघायची तेही डाव्या डोळ्याकडे बघायची.

दर महिन्याला बर्फावरचं सॅम्पल ठाण्याला जात होतं. एकशे तीस. मग ब्याऐंशी. हा आकडा त्या जुन्या ब्याण्णवच्याही खाली होता, आणि त्या दिवशी वृंदा लॅबच्या मोरीत जाऊन रडली, कारण ब्याण्णववरच धरलं असतं तर गाडी तिथूनच खाली आली असती. अंजना बाहेरून दार वाजवत होती. तिला तो शिबिराचा कागद आठवत होता की नाही, कोण जाणे. तिने कधी विषय काढला नाही, वृंदानेही नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आकडा आला एकेचाळीस. डॉक्टर राजसींनी फोनवर शाब्बास म्हटलं. औषधाला एवढी चांगली साथ सगळ्यांची शरीरं देत नाहीत, आता उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवता येईल, असं त्या म्हणाल्या. वृंदाने रिपोर्टची प्रिंट काढली. मोबाइलवर दिसत होता तरी काढली. घरी जाताना वाटेत केळी घेतली, मोगऱ्याचा गजरा घेतला. कित्येक महिन्यांत तिने स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं.

हिमानी एकटीच घरात होती. बोर्ड मांडलेला, सोंगट्या मध्ये रचलेल्या, आणि उजव्या डोळ्यावरचा रुमाल जागच्या जागी. ती खेळत नव्हती. वृंदाने एकेचाळीस, एकेचाळीस असं म्हणत कागद तिच्यापुढे धरला. हिमानीने तो घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि परत दिला.

"सकाळपासून डाव्यानेही दोन दिसतंय," ती म्हणाली.

वृंदा खुर्चीवर बसली. कधीपासून, कुठे धक्का लागला का, मान झटकलीस का, असं तिने भराभर विचारलं. काही झालं नव्हतं. हिमानी उठली, दात घासले, आरशात बघितलं तर दोन चेहरे, बस. धाग्यांना आकड्याची खबर कोण देणार होतं? त्यांचं जे व्हायचं ते मागेच होऊन गेलं होतं, आज फक्त सुटले. कागदावरचा एकेचाळीस खरा होता. तो येईपर्यंत डाव्या डोळ्याचं भिंग सरकलं होतं हेही खरं होतं.

वृंदाने हेमचंद्रला फोन लावला, तो उचलला गेला नाही. प्लँटमध्ये फोन नेत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना लावला, ते उद्या सकाळी या म्हणाले. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढी औषधं, एवढे वजनकाटे, आणि शेवटी संध्याकाळचे सहा वाजलेले असताना केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचं.

"आई," हिमानीने विचारलं, "अंबरनाथला तुमच्या शिबिरात माझं रक्त घेतलं होतं ना? मी नववीत होते तेव्हा. त्यात हे नव्हतं का बघितलं?"

तिने सहज विचारलं होतं की कित्येक दिवस मनात ठेवून, ते वृंदाला कळलं नाही. हो-नाही करायला आता जिवात बळ नव्हतं.

"बघितलं होतं," ती म्हणाली. "ब्याण्णव आला होता. मला वाटलं, सॅम्पल उभं राहिलं म्हणून आला."

"मग तू काय केलंस?"

"तुझं दूध वाढवलं."

हिमानी ओरडेल, रडेल, निदान उठून आत जाईल, म्हणून वृंदा वाट बघत राहिली. माफ कर म्हणायचं तिच्या तोंडाशी आलं होतं, पण ते म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं झालं असतं. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती काही केल्या चालू होत नव्हती.

मग हिमानीने रुमाल सोडला. आता त्याचा उपयोग नव्हता. तिने सोंगट्या विस्कटल्या, राणी बाजूला काढून पॉकेटाजवळ ठेवली, लांब बोटांनी बोर्डाची कड चाचपत स्ट्रायकर रेषेवर आणला, मान एकीकडे केली, मग दुसरीकडे केली. खूप वेळ ती तशीच बघत राहिली.

"दोनातली खरी कुठली," ती म्हणाली, "तेवढं तरी सांग."

वृंदा उठली. पिशवी खाली ठेवून ती बोर्डापाशी आली, वाकली, आणि लाल सोंगटीवर अलगद बोट ठेवलं. ही, असं ती म्हणाली. बोट तिने काढलं नाही.

हिमानीने स्ट्रायकर मारला नाही.

"आता बोटंही दोन दिसतायत," ती म्हणाली.